माग बंद, करंट चालू

इंटरव्ह्यूची तयारी कशी करावी, हे मला कुणी विचारत नाही आणि ते बरोबरच आहे. मी पंधरा दिवस मन लावून तयारी केली, आणि त्या तयारीत आमचे आप्पा वारले. म्हणजे तसे ते वारले नाहीत. आत्ताही पुढच्या सोप्यात माग चालवतायत, आणि हा एवढा वेळ काय लिहितोय म्हणून मधून मधून माझ्याकडे बघतायत. पण त्या दिवशी सकाळी अकरा ते बाराच्या दरम्यान ते वारले होते, हे खासबागेपासून निपाणीपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. त्यांना सोडून.

आमचं घर वडगावात. पुढच्या सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, विजेवरचे चार माग, त्याच्या मागं आई सुताच्या कांड्या भरते ती खोली, तिच्या मागं स्वयंपाकघर. डाव्या अंगाला काकांचं घर, त्यांचे सहा माग, आणि दोन्ही घरांत भिंत एकच. समोर, उजवीकडे, कोपऱ्यापर्यंत असंच. सकाळी सातला सुरू झालेला खडखडाट जेवणाच्या वेळेला जरा थांबतो आणि पुन्हा दिवेलागणीपर्यंत चालतो. निम्मी गल्ली कानडी, निम्मी मराठी. पण माग चालू असताना दोन्ही भाषा ऐकू येत नसल्यानं भांडणाचा प्रश्न येत नाही. आम्ही बोलतो ते ओठ बघून आणि हातानं. अंगठा ओठाला लावला की चहा, दोन बोटांची कात्री केली की सूत तुटलंय. तोंडानं बोलायचंच झालं तर नरड्याच्या शिरा ताणून. बाहेरगावचे पाहुणे आले की पहिला तासभर त्यांना वाटतं घरात काहीतरी मोठं बिनसलंय.

अशा घरात बसून मी घरबसल्या करायच्या नोकरीचा अर्ज भरला होता. पुण्याची कुठली तरी कंपनी. घरूनच कॉम्प्युटर उघडून गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे, त्यांच्या तक्रारी ऐकायच्या, गोड बोलायचं. अर्जात एक प्रश्न होता: घरी शांत आणि स्वतंत्र खोली आहे काय? मी ‘आहे’ला टिक केली. त्या क्षणी डाव्या कानात काकांचे सहा माग आणि उजव्या कानात आमचे चार चालू होते. पण बी. कॉम. होऊन तीन वर्षं झाल्यावर माणूस अशा प्रश्नांचा फार विचार करत नाही.

घाईही होती. आमच्याकडचा कामगार इचलकरंजीला निघून गेला होता आणि चारही माग एकटे आप्पा बघत होते. त्याच सुमारास बीपी वाढून त्यांना दोन दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, “दिवाळीपातुर नोकरी बघ. न्हाईतर कडंचे दोन माग तुझे.” आवाजात राग नव्हता, त्यामुळं ते जास्तच खरं वाटलं. माग चालवायला माझी ना नव्हती असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं म्हणजे मला त्यातलं काही येत नव्हतं, आणि शिकायचं म्हटलं की माझी पाठ दुखायची.

पहिली लेखी फेरी कशी कोण जाणे पार पडली आणि व्हिडिओवरच्या इंटरव्ह्यूची तारीख आली. मी कामाला लागलो. मोबाईलवर एक टायवाला माणूस इंटरव्ह्यूत कसं हसावं ते शिकवायचा. दात किती दाखवायचे तेसुद्धा. त्यानं दिलेले प्रश्न मी मोठ्या अक्षरात कागदांवर लिहून काढले आणि ते आप्पांच्या हाती दिले. आप्पा मागावर उभं राहून एकेक कागद वर धरायचे आणि मी दुसऱ्या टोकाला उभा राहून उत्तरं द्यायचो. इंग्रजी त्यांना येत नाही. माझे ओठ न अडखळता हलतायत की नाही एवढंच ते बघायचे. अडखळलो की बोटांची कात्री करायचे. सूत तुटलं, पुन्हा बोल.

पंधरा दिवस मी माझी बलस्थानं आणि उणिवा दहा मागांच्या वरच्या पट्टीत ओरडून पाठ केल्या. यात काही चुकतंय असं मला एकदाही वाटलं नाही.

राहता राहिला आवाजाचा प्रश्न. मी म्हटलं मित्राच्या खोलीवर जातो, तर आई म्हणाली, “घर असताना दुसऱ्याच्यात कशाला?” मग आप्पांनी स्वच्छ सदरा घातला, टोपी घातली आणि मला घेऊन गल्लीत दारोदार निघाले. लग्नाचं आवतण द्यायला जावं तसे. मी मागं मान खाली घालून.

पहिलं घर काकांचं.

“तासभर बंद?” काका म्हणाले. “कशाला? पोरगीकडचे बघाय येणार हायत व्हय?”

“न्हाय. ह्येचा इंटरव्ह्यू हाय. फोनवर.”

“मग फोनवर हाय न्हवं? कुणी घरात येणार न्हाईत, मग माग कशाला बंद?”

“त्येंना ऐकू येतंय की.”

“बरं. ठेवतो.” काकांनी माझ्याकडे बघितलं. “आणि नोकरी लागली म्हंजे? रोज बंद ठेवायचं काय?”

सगळे हसले. मीही हसलो. हा प्रश्न इतका सरळ होता की माझ्या डोक्यात तो शिरलाच नाही.

समोरच्या आजींनी कानडीत आशीर्वाद दिला. बाकीच्यांनीही मान्य केलं, कारण आप्पा आयुष्यात कुणाकडे काही मागायला गेले नव्हते आणि ते काहीतरी मागतायत याचंच लोकांना नवल. एक तास माग बंद म्हणजे किती मजुरी बुडते, ते आमच्या गल्लीत सांगावं लागत नाही. तरी गल्ली ‘हो’ म्हणाली.

इंटरव्ह्यू अकराला. कांड्याच्या खोलीत शिलाई मशीनवर लॅपटॉप ठेवला. वरती शर्ट आणि टाय, खाली बर्मुडा. माझ्या पाठीमागं सोप्यात जायचं दार होतं आणि त्यातून माग दिसायचे. ते दिसू नयेत म्हणून आईनं दारावर आडवी दोरी बांधून आमच्याच मागावरची हिरवी, लाल काठाची नवी साडी सोडली. “रंग बघून तरी घेतील,” म्हणाली.

अकराला पाच कमी असताना आप्पांनी बटणं बंद केली. मग काकांचे बंद झाले, मग समोरचे, मग एकेक करत कोपऱ्यापर्यंत. शेवटचा माग थांबला आणि जी शांतता पसरली ती मी कामाच्या दिवशी कधी ऐकली नव्हती. पंखा आवाज करतो हे मला त्या दिवशी कळलं. हाताला काम नसल्यानं आप्पा जरा वेळ उभे राहिले, मग “दाढी करून येतो” म्हणून कोपऱ्यावरच्या सलूनला गेले. गल्लीतल्या बाकीच्या लोकांनाही काम नव्हतं. ते सगळे आमच्या दारात येऊन बसले, ऐकायला.

पडद्यावर दोघं जण आले. एक टक्कल पडलेले साहेब, हिंदी बोलणारे, आणि एक मराठी मॅडम. साहेब म्हणाले, स्वतःबद्दल सांगा.

मी सांगितलं. पंधरा दिवसांच्या सवयीनं सांगितलं. साहेबांनी कानातला हेडफोन एकदम उपटून टेबलावर टाकला. मॅडम खुर्चीसकट मागं सरकल्या.

“थोडं हळू,” मॅडम म्हणाल्या.

मी माझ्या मते हळू बोललो. मी पहाटे पाचला उठतो, व्यायाम करतो, दिवसाचं नियोजन करतो, हे मी त्या हळू आवाजात सांगितलं आणि दारातून काकूंचा आवाज आला, “पाचला? साडेआठला तोंड धुताना रोज मला दिसतोय की.” त्यावर कुणीतरी म्हणालं, “गप बस गं, पोराचं नुकसान होईल,” आणि मग गल्लीभर दबकं हसू. साहेबांनी विचारलं, तिथे आणखी कुणी आहे का? मी म्हटलं, टीव्ही चालू आहे.

तुमची उणीव सांगा. मी फार काम करतो, हीच माझी उणीव, असं मी ठणकावून सांगितलं. दारात बसलेल्यांपैकी एक जण खोकत उठून गेला.

हे सगळं चालू असताना बाहेर काय झालं ते मला नंतर कळलं. सुताची पोती पोचवणारा एक ओळखीचा माणूस स्कूटरवरून आमच्या गल्लीच्या तोंडाशी आला. त्यानं बघितलं तर सगळे माग बंद. त्याला वाटलं करंट गेलाय. पण कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरत होता. मग त्याला आमच्या दारात पंधरावीस माणसं गप बसलेली दिसली. तो तिथूनच परत फिरला.

आता हे बाहेरच्याला सांगायला हवं. आमच्याकडे सुट्टीच्या दिवशी माग बंद असतात ते वेगळं, आणि करंट गेल्यावर बंद पडतात ते वेगळं. पण कामाच्या दिवशी, करंट चालू असताना, गल्लीभर माग एकदम बंद आणि एका दारात माणसं, याचा वडगावात एकच अर्थ होतो. गल्लीत कुणी गेलं की लोक स्मशानातून परत येऊन आंघोळ करेपर्यंत कुणी बटणाला हात लावत नाही. आजोबा गेले तेव्हाही मी हे बघितलं होतं. आप्पांनी तर चाळीस वर्षं बघितलं होतं. गल्लीतल्या प्रत्येकाला हे माहीत होतं, आणि माग कशासाठी बंद ठेवलेत हेही प्रत्येकाला माहीत होतं, म्हणून गल्लीबाहेरच्यांना काय वाटेल हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी बी. कॉम. होतो.

स्कूटरवाला खासबागेत माझ्या आत्याच्या दारावरून गेला. आप्पांना ती अण्णा म्हणते. जाता जाता म्हणाला, “तुमच्या अण्णांच्या गल्लीत माग बंद हायत. त्येंच्याच दारात माणसं दिसली.” दवाखान्याची गोष्ट ताजी होती. आत्यानं पुढचं काही विचारलं नाही. निपाणीच्या थोरल्या बहिणीला फोन लावला आणि रिक्षा पकडली.

इकडे साहेबांनी मला एक्सेलमधलं काहीतरी विचारलं होतं. अमुक आकडे तमुक पद्धतीनं एकत्र कसे करणार. मला येत नव्हतं. टायवाल्या माणसानं सांगितलं होतं की उत्तर येत नसेल तर थोडा वेळ विचार करतोय असं दाखवा. मी दाखवत होतो. बराच वेळ दाखवत होतो.

तेवढ्यात माझ्या पाठीमागून हंबरडा आला. “माझ्या अण्णा रंऽऽ” असं म्हणत, दारातल्या कुणी अडवायच्या आत, आत्या सोप्यातून धावत आली ती थेट साडीत शिरली. दोरी तुटली. साडी अंगाभोवती गुंडाळलेल्या स्थितीतच तिनं माझ्या गळ्यात हात टाकले आणि आम्ही दोघं पडद्यावर दिसू लागलो. मागं उघडं दार, त्यात चार बंद माग, आणि दारातून आत बघणारी सगळी गल्ली.

“पोरका झालास रं,” आत्या म्हणाली. “कवा गेला? मला कसं कळवलं न्हाई रं कुणी?”

साहेब हिंदीत विचारू लागले, काय झालं, काय झालं. मॅडम मराठी असल्यानं त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी साहेबांच्या कानाशी काहीतरी सांगितलं. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, “तुमचे वडील... आज?”

मी इथे थांबून सांगतो की मी एक शब्दही खोटं बोललो नाही. मी फक्त मान खाली घातली. माझ्या डोक्यात त्या वेळी एवढंच होतं की एक्सेलचा प्रश्न सुटला.

साहेबांनी हेडफोन काढून ठेवला, आदरानं. एवढ्या दुःखातही हा मुलगा इंटरव्ह्यूला बसला, आवाज चढलेला होता तो का ते आता कळलं, असं काहीतरी ते मॅडमना म्हणाले. मला म्हणाले, घरच्यांना सांभाळा, आम्ही कळवतो. पडदा काळा झाला.

मी वर बघितलं तर दारात आप्पा उभे. एका गालाची दाढी झालेली, दुसऱ्या गालावर फेस, खांद्यावर सलूनचा टॉवेल. आपण वारल्याचं त्यांना सलूनमध्ये कळलं होतं. ऐन दाढीत एक जण तिथे सांगायला आला आणि खुर्चीतला माणूस बघून पळून गेला.

आत्यानं त्यांना बघितलं. आधी साडी अंगावरून काढली. मग हातातली पिशवी त्यांच्या पाठीत घातली.

“जित्ता हाईस आणि सांगत न्हाईस व्हय?”

“आता काय सांगायचं?” आप्पा म्हणाले. “रोज फोन करून मी हाय म्हणून कळवू?”

दुपारपर्यंत घरात नुसता बाजार. काकूंनी माझं पहाटे पाचला उठणं आप्पांसकट सगळ्यांना हसत ऐकवलं. पलीकडच्या गल्लीतून सुतकाच्या घरी पाठवतात तसं पिठलं-भाकरी आलं. निपाणीची मंडळी दोन गाड्यांतून निघाली होती, त्यांना फोन लागेना; ती तोंडं पाडूनच उतरली आणि आप्पांनीच त्यांना पाणी दिलं. परत पाठवायचं तरी कसं, म्हणून आईनं आलेलं पिठलं-भाकरी त्यांनाच वाढलं. एक तासाचे चार तास झाले. काकांनी माग सुरू करताना माझ्याकडे बघून ओठ हलवले. काय म्हणाले ते मला नीट वाचता आलं, पण इथे लिहिता येत नाही.

माझ्या खाली घातलेल्या मानेबद्दल मी कुणालाही सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी मेल आली. तुमची निवड झाली आहे. मी नाचत सोप्यात गेलो. आप्पांनी चारही माग थांबवले आणि म्हणाले, “वाच. मराठीत सांग.” मी सांगू लागलो. पण मेलची सुरुवातच दुखवट्यानं होती आणि ती मी गाळली. म्हणजे गाळायचा प्रयत्न केला. आईनं माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं. तिला इंग्रजी वाचता येतं, हे मी अशा वेळी नेहमी विसरतो.

“ ‘वडिलांच्या निधनानं’ म्हणजे?” ती म्हणाली. “तू सांगितलं न्हाईस त्येंना?”

“आत्याच म्हणाली ना.”

“आणि तू?”

मी म्हटलं, “मी काहीच म्हणालो नाही.”

आप्पा बटणांकडे वळले. मग म्हणाले, “चांगलं झालं. नोकरी लागली.” आणि माग सुरू केले.

त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या घरात अबोला म्हणजे तोंड बंद. आमच्यात अबोला म्हणजे नजर वळवणं, कारण ओठ बघितल्याशिवाय बोलणंच होत नाही. मी समोर जाऊन उभा राहिलो की ते सूत घेऊन पळणाऱ्या धोट्याकडे बघायचे. मी अंगठा ओठाला लावला, चहा आणू काय म्हणून, तर त्यांनी बघितलंच नाही. माझ्यासाठी टोपी घालून दारोदार गेलेला माणूस. आणि मी त्याला एका एक्सेलच्या प्रश्नासाठी मारला होता.

त्यात कंपनीचा करारनामा आला. रोज नऊ ते सहा, शांत खोलीतून, मागं कसलाही आवाज चालणार नाही, याखाली सही करायची. मी कागद हातात घेऊन बसलो आणि काकांचा तो प्रश्न आत्ता कुठे माझ्या डोक्यात शिरला. नोकरी लागली म्हंजे रोज बंद ठेवायचं काय? गल्लीनं एक तास दिला होता. मी मनातल्या मनात त्यांच्याकडून अख्खं आयुष्य मागून बसलो होतो.

मी मॅडमना फोन लावला. कांड्याच्या खोलीतूनच. सगळे माग चालू. त्यांना माझं ऐकू येईना, मला त्यांचं ऐकू येईना.

“मला एक सांगायचंय,” मी ओरडलो.

“मोठ्यानं बोला.”

“माझ्या वडिलांबद्दल.”

“काय?”

मी पोटातून सगळा जोर काढला आणि नेमका त्याच क्षणी करंट गेला. गल्लीतले सगळे माग एकदम गप झाले आणि त्या शांततेत माझं वाक्य एकटंच कोपऱ्यापर्यंत गेलं. “माझे वडील मेलेले नाहीत. मी तुम्हाला फसवलं.”

ते मॅडमनाही ऐकू गेलं. मग त्या म्हणाल्या, “त्या दिवशी त्या बाई...”

“त्या आत्या. त्यांचा गैरसमज झाला होता. मी तो तसाच राहू दिला.”

“आत्ता एवढा आवाज कसला होता?”

“माग. आमच्या घरात माग आहेत. शेजारीपण आहेत.”

“पण अर्जात शांत खोली लिहिलीय. आणि आता तर शांत वाटतंय.”

“आता करंट गेलाय म्हणून.”

बाहेर काका कुणालातरी “थांब, ऐकू दे” म्हणाले ते मला स्पष्ट ऐकू आलं. शेवटी मॅडम म्हणाल्या, “वडील बरे आहेत, हे ऐकून बरं वाटलं. पण मला हे वर कळवावं लागेल.” मी म्हटलं, कळवा. दुसऱ्या दिवशी दोन ओळींची मेल आली, निवड रद्द झाल्याची. त्यात दुखवटा नव्हता.

पण ती दुसऱ्या दिवसाची गोष्ट. त्या दिवशी फोन ठेवून मी सोप्यात आलो तेव्हा अजून करंट आला नव्हता. आप्पा मागाला टेकून उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, हे उघड होतं. सबंध गल्लीनं ऐकलं होतं. मी काही बोलायला तोंड उघडणार एवढ्यात करंट आला आणि एकेक घर करत खडखडाट परत सुरू झाला. आप्पांनी त्यांच्या बाजूचे दोन माग चालू केले. कडेचे दोन तसेच बंद ठेवले. मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, आणि मला नीट दिसावं म्हणून ओठ सावकाश हलवून म्हणाले, “उद्या पाचला ऊठ. तसं सांगितलंस न्हवं त्येंना.”